तिसऱ्या फेरीतली चिठ्ठी

यादव पगारे नाशिकरोडच्या एका शाळेत क्लार्क आहे, आणि शाळेत कुणालाही विचारा, पगारे म्हणजे सरळ माणूस. किती सरळ, तर इतरांच्या रजा मांडताना स्वतःचा अर्धा दिवसही न विसरता मांडणारा. अशा माणसाला लोक मान देतात आणि सगळी किचकट कामं त्याच्याच गळ्यात मारतात. म्हणून आठ मित्रांच्या लीगमध्ये दर वर्षीची निवड चालवायचं काम अकरा वर्षं त्याच्याकडेच होतं.

लीग बेसबॉलची, पण मैदानावरची नव्हे. हे आठही जण शाळेत सॉफ्टबॉल खेळलेले; आता कुणाचे गुडघे गेले, कुणाचं पोट सुटलं. मग त्यांनी कॉम्प्युटरवरचा एक खेळ धरला. त्यात स्वतः खेळायचं नाही, संघ चालवायचा. कुणाला घ्यायचं, कुणाला उतरवायचं, कुणाला बाकावर बसवायचं, एवढंच हातात. दर वर्षी त्यात शाळा-कॉलेजातली नवी पोरं येतात, कॉम्प्युटरनेच घडवलेली, आणि हे आठ संघमालक पाळीपाळीने त्यातली निवडतात. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. निवडलेल्या पोराचं इंग्रजी नाव काढून आपलं नाव द्यायचं, ही या आठांचीच रीत. त्यामुळे त्या अमेरिकी मैदानांवर ओझरचा देवराम धावत असतो.

निवड दिवाळीनंतरच्या रविवारी, सकाळी, यादवच्या घरी. ज्याची पाळी त्याने नाव चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून यादवकडे द्यायचं. यादवने ते मोठ्याने वाचून कॉम्प्युटरमध्ये भरायचं. आता वाचणारा तोच आणि खेळणाराही तोच. उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून, आपल्या आधीच्या माणसाची चिठ्ठी उघडण्यापूर्वी आपली चिठ्ठी लिहून पेपरवेटखाली ठेवायची, असा नियम यादवने आपणहून केला होता. कुणी मागितला नव्हता. 

यादवचा संघ दोन वर्षं तळाला होता, आणि त्याला कारण होतं. खेळात नवी पोरं हेरणारी माणसं ठेवता येतात. यादवने मोठे खेळाडू सोडून सगळा जोर त्या हेरणाऱ्यांवर लावला. त्यांनी त्याला एक पोरगा दाखवला. कोडी मॅकब्राइड, सतरा वर्षांचा, कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा, बुटका, बॅट यथातथाच. इतर सातजणांच्या पडद्यावर तो अगदी टाकाऊ दिसत होता. यादवच्या अहवालात मात्र एक ओळ जास्त होती: चेंडू टाकणारा पिचर बिथरला की हा त्याला सावरून घेतो.

यादवने ती ओळ पुन्हा वाचली. त्याचा धाकटा भाऊ वाळू असाच होता. बुटका, बॅटीने कच्चा, पण शाळेच्या संघाचा कॅचर, कारण चिडलेल्या पिचरला दोन शब्दांत थंड करायचं कसब दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. वाळू एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेला. आणि तो चिडका पिचर म्हणजे जयराम, यादवचा सख्खा दोस्त, लीगचा चार वर्षांचा विजेता.

म्हणून यादवने हे फक्त जयरामला सांगितलं. आणखी कुणाला सांगणार? वाळूच्या मयताला खांदा दिलेला माणूस तो. अहवाल दाखवला, नाव वाळू ठेवणार हेही सांगितलं. पहिल्याच पाळीला घेऊन टाकतो म्हणाला. जयरामने अहवाल दोनदा वाचला आणि डोळे पुसले. यादवने स्वतः पाहिलं ते.

"पहिली पाळी कशाला जाळतोस याच्यावर?" जयराम म्हणाला. "आधी दोन तगडे घे. याला तिसऱ्या फेरीत उचल. कुत्रं विचारणार नाही त्याला."

यादवला ते पटलं. इतकं पटलं की घरी येऊन त्याने बायकोला, ललिताला, जयराम कसा आपल्या भल्याचं बघतो ते कौतुकाने सांगितलं.

रविवारी पहिल्या दोन फेऱ्यांत यादवने दोन तगडे घेतले. दुसऱ्या फेरीतली शेवटची चिठ्ठी विजेत्याची, जयरामची, आणि लगेच तिसऱ्या फेरीतली पहिली यादवची. नियमाप्रमाणे त्याने आपली चिठ्ठी आधी लिहिली, कोडी मॅकब्राइड, आणि पेपरवेटखाली सरकवली. मग जयरामची घडी उलगडली.

तेच नाव. शाळेपासून ओळखीचं ते तिरकं अक्षर.

कॉम्प्युटरचा पडदा यादवकडे होता, चिठ्ठी यादवच्या हातात होती. दुसरं कुठलंही नाव वाचलं असतं तर जयराम चारचौघांत तोंड उघडू शकला नसता; हा पोरगा त्याला कुठून कळला, हे सांगावं लागलं असतं. यादवला हे कळत होतं. तरी त्याने आहे तेच नाव वाचलं, आहे तेच भरलं. इतका सरळपणा काय कामाचा, असं कुणालाही वाटेल. त्यालाही वाटलं.

तेवढ्यात जयराम मायेने म्हणाला, "नाव वाळूच ठेव, यादव. तुझ्या मनात होतं ना? माझी काही हरकत नाही."

यादवने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते नाव तुझ्याकडे नाही यायचं," म्हणाला, आणि इंग्रजी नाव तसंच ठेवलं. अकरा वर्षांत नाव न बदललेला तो पहिला खेळाडू. मग त्याने पेपरवेटखालची चिठ्ठी काढून खिशात घातली आणि दुसऱ्या कागदावर पडद्यावर दिसलं ते पहिलं नाव लिहिलं.

निवडीनंतर विजेत्याने मिसळ खिलवायची, तशी जयरामने खिलवली. हात धुताना दोघंच होते. तुझ्याकडे चांगला कॅचर असताना हा कशाला, एवढंच यादवने विचारलं.

"तुझ्याकडे गेला असता तर दोन वर्षांत तू मला गादीवरून खाली खेचलं असतंस," जयराम नळ बंद करत म्हणाला. "खेळ आहे रे. मनाला लावून घेऊ नको."

यादवने लावून घेतलं. पोरगा हातचा गेल्याचं दुःख एकवेळ गिळता आलं असतं. पण त्या अहवालावर पुसलेले डोळे खरे होते की खोटे, हे त्याला आजतागायत ठरवता आलेलं नाही, आणि तेच त्याला खातं. पुढचं वर्षभर तो रोज शाळेत जाण्यापूर्वी जयरामच्या संघाचं पान उघडायचा. कोडी मॅकब्राइड, बाकावर. खेळलेले सामने, शून्य.

पुढच्या दिवाळीआधी जयरामचा फोन आला, नेहमीसारखा, मोकळा. इकडचं तिकडचं बोलून त्याने विचारलं, यंदा कोण हेरलाय? यादवसमोर वही उघडी होती. सात नावं, त्यातल्या एकाखाली दोन रेघा.

"कोणी नाही," यादव म्हणाला. "यंदा सगळी फुसकीच पोरं आहेत."

जयरामने लगेच विश्वास ठेवला. यादव पगारे त्याच्याशी कधी खोटं बोललाच नव्हता.