साठच्या पुढची थरथर

दसऱ्यानंतरचा रविवार होता. भांडुप मागे पडलं, हायवे मोकळा मिळाला, मी गाडी साठवर नेली... आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. आम्ही मुलुंडला राहत होतो. गाडी माझ्या मामाची. तो बडोद्याला गेला तेव्हा मला देऊन गेला. घरात लायसन्स फक्त माझ्याकडे होतं.

शेजारी नवरा, नंदू. मागे सासरे. मूळचे मालवणचे, गिरणीतून रिटायर झालेले. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. स्टिअरिंग थरथरल्याबरोबर नंदूने माझ्या हातांकडे पाहिलं.

"घाबरतेस आणि घट्ट धरतेस," तो म्हणाला. "मग थरथरणारच ना."

"थरथरता तर थरथरू दे. तू चालव गो," भाऊ मागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने पुढची चाकं सरळ आहेत का ते पाहिलं, एक चक्कर मारून आला. गल्लीतल्या गल्लीत. मग माझ्याशी न बोलता नंदूशी बोलला. "साहेब, गाडी ओके आहे. मॅडमना हायवेची सवय नाही."

दोन दिवसांनी नंदूने सांगितलं, ऑफिसातला एकजण गाडी शोधतोय, रविवारी बघायला येतोय. मला न विचारता तो हो म्हणून आला होता. "टेन्शन कशाला घ्यायचं यार? देऊन टाकू."

गाडी गेली असती तर मी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नसता. हे मला स्पष्ट दिसत होतं. नाही म्हणायला कारण हवं होतं... आणि कारण त्या गाडीतच कुठेतरी होतं.

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवत होते. त्या आठवड्यात रोज लवकर निघाले आणि आधी हायवेवर गेले. पन्नासला काही नाही. साठला सुरू. पंच्याहत्तरच्या पुढे गेलं की कमी.

ब्रेक दाबून पाहिला, फरक नाही. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी नुसती पळू दिली... तरी थरथर तशीच. म्हणजे ब्रेक नाही, इंजिन नाही. चाकांबरोबर फिरणारं काहीतरी.

शनिवारी पदर खोचला आणि कंपाउंडमध्ये जॅक लावला. पुढची चाकं मागे, मागची पुढे. भाऊ शेजारी उकिडवे बसून नट सांभाळत होते. पहिल्या मजल्यावरच्या मावशी खिडकीत आल्या.

"अगं, नवऱ्याला सांग ना!"

"तो पेपर वाचतोय, मावशी."

"वाचू दे हो," भाऊ म्हणाले. "त्याच्या हातात पानो दिलो तर उद्या चार चाकांची तीन होतली."

मी पुन्हा हायवेला जाऊन आले. साठवर स्टिअरिंग जवळजवळ शांत होतं. थरथर हातातून निघून सीटखाली आली होती... आणि हात तर तेच होते.

परत येऊन पुन्हा जॅक लावला, भाऊंच्या हाती नट देत एकेक चाक उतरवून निरखलं. काही दिसेना. मग डिकीतली स्टेपनी बाहेर काढली, तुलनेला. तिच्या रिमच्या कडेला बोटाच्या पेराएवढा शिशाचा तुकडा घट्ट बसवलेला होता.

चाक सगळीकडून सारखं जड नसतं. हलक्या बाजूला असं शिसं लावून त्याचा तोल साधतात. बाकीच्या चार चाकांवर एकही तुकडा नव्हता. आधी पुढे असलेल्या चाकांचा तोल जास्त बिघडला असणार. दसऱ्याला भाऊंनी ती रॉकेलने घासून लखलखीत केली होती. स्टेपनी तेवढी डिकीतच राहिली होती.

"भाऊ, असं शिसं या चाकांवर होतं का हो?"

भाऊंनी स्टेपनीवरच्या शिशावर बोट फिरवलं. मग उरलेले नट माझ्यासमोर ठेवले आणि वर गेले.

शेवटचं चाक आवळून मी वर गेले. नंदूला सांगितलं, चाकांवरची वजनं गेली आहेत.

"चाकावरचं शिसं कोण नेणार? काहीतरीच तुझं," तो पेपरातूनच म्हणाला. "उद्या माणूस येतोय, शुभा. आता हट्ट पुरे."

तेवढ्यात भाऊ गॅलरीतून आले. हातात पाग होता... मिठागरांपलीकडच्या खाडीत फेकायला ते घरी विणत असलेलं जाळं. त्यांनी तो नंदूच्या पेपरावरच ठेवला. जाळ्याच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकून वळवलेले होते, ताजे, चकचकीत.

"चाकाचां शिसां मी काढलंय," भाऊ म्हणाले. "माका वाटलां, मेकॅनिकाचां कायतरी चिकटान रवलां. दसऱ्याक गाडी बरी दिसाक व्हयी. फेकूचां कित्याक, म्हणान पागाक लावलंय."

नंदू हसत सुटला. "भाऊ, तुम्ही पण ना! गाडीची वाट लावलीत."

भाऊ हसले नाहीत. "हसतंस कित्या? आठवडोभर तिच्या हातांक नावां ठेवलंस. त्या माणसाक सांग, गाडी विकूची नाय."

नंदूने पाग उचलून बाजूला ठेवला, पेपरची घडी केली. चपला घातल्या आणि खाली वाण्याच्या दुकानात फोन करायला गेला.

सोमवारी टायरवाल्याकडे चारही चाकं बॅलन्स करून घेतली. नवीन शिसं लागलं. पागातलं परत मागायचं माझ्या मनातही आलं नाही.

पुढे खूप वर्षं मी गाडी चालवली. दोष कुठे आहे ते मी शोधलं होतं, ठामपणे, एकटीने... पण माझ्या एकटीच्या सांगण्यावर घरात कोणी विश्वास ठेवला नसता, हेही खरं. भाऊ गप्प बसू शकले असते. मुलासमोर, सुनेसाठी, ते उठून आले. आजही साठच्या पुढे गाडी शांत धावते तेव्हा मला त्यांची आठवण येते.