जिन्यातलं सामान

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका हट्टी माणूस अख्ख्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. जिन्यात कुणाची कुंडी दिसली की तिच्या मालकाची बेल वाजलीच. "आपलं सामान आपल्या घरात!" निवृत्तीनंतरही घरबसल्या प्रोग्रॅम लिहितात, आणि तिथेही हाच नियम. प्रोग्रॅम काही फाइली नावानं मागून घेतो, त्यांना हेडर म्हणतात. आम्ही पोरं ती हेडर कॉम्प्युटरच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकून मोकळे होतो. माझ्या लॅपटॉपवर काकांना ते दिसलं, तेव्हा त्यांनी पुढ्यातला चहा गार होऊ दिला, पण ती हेडर प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये हलवल्याशिवाय मला उठू दिलं नाही. "जिन्यात सामान ठेवलंस रे! उद्या प्रोग्रॅम घेऊन दुसऱ्या मशीनवर गेलास की हे इथेच राहील, मग बोंबलशील."

गेल्या वर्षी काकूंची नजर जायला लागली. पेपर वाचल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, म्हणून काकांनी मराठी मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. जुन्या लिनक्सच्या मशीनवर तो झकास चालायचा. पण काकू महिनाभर लेकीकडे बोरिवलीला जाणार होत्या, आणि सोबत न्यायच्या विंडोजच्या लॅपटॉपवर तो बसेचना. एकच रड, हेडर सापडत नाही. निघायला चार दिवस उरले होते.

"काका, तशीच दुसरी नेटवरून घेऊ ना."

"गप रे. काय मागतोय ते आधी बघू."

तीन दिवस ते खुर्चीवरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी हेडर मिळाली, ती जुन्या मशीनच्या सामाईक फोल्डरमध्ये! काकांनी स्वतःच ती तिथे टाकली होती आणि साफ विसरले होते. मला हसू आवरेना.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी फाइल उघडली. कुठलं अक्षर किती लांबवायचं, याच्या शेकडो ओळी होत्या. "हिनं टाइप केल्यात," ते म्हणाले. "भिंग धरून. त्यानंतर तिला स्क्रीन दिसलाच नाही."

फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये आणली आणि लॅपटॉप पेपर वाचू लागला. काकूंनी मान कलती करून ऐकलं.

"अहो, 'ळ' फार लांबवतोय. माझाच आकडा चुकलाय. सुधारा ना."

"बघतो," काका म्हणाले.

काकू परत येऊनही आता बरेच महिने झाले. रोज सकाळी वरून पेपर ऐकू येतो. शेजाऱ्याची साधी कुंडी सहन न होणाऱ्या काकांनी तो 'ळ' अजून तसाच ठेवला आहे, आणि तो लांबला की मी माझा चहा खाली ठेवतो.