देवीलालचा पुढचा दात

दिग्रसजवळच्या तांड्यावरचा देवीलाल राठोड सव्वीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आला. वरचे पुढचे दात टेकवल्याशिवाय ती वाजत नाही. जगाच्या लेकी त्याने वाजतगाजत सासरी धाडल्या. आपल्या लेकीच्या, संगीताच्या पाठवणीला वाजवायचं, हे तर ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं.

मागच्या वर्षी त्यातलाच एक दात मुळापासून तडकला. दिग्रसच्या डॉक्टर ममतांनी तो काढला अन् म्हणाल्या, "काका, खड्ड्यात आत्ताच हाडाची भुकटी भरू. पाच-सहा महिन्यांनी पक्का दात बसवता येईल. थांबलात तर जबड्याचं हाड झिजतं."

"कायचं हाड हाये?" बधीर तोंडातून शब्द अडखळत आले.

"गाई-बैलाचं. शुद्ध केलेलं असतं."

झालं! ज्याचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, ज्याच्या घरी बैल गेला तर चूल पेटत नाही, त्याच्या तोंडात बैलाचं हाड! देवीलालने हात जोडले आणि उठला. "अहो, ऐका तरी," डॉक्टर म्हणत राहिल्या. चहात साखर कमी पडली तर तासभर वाद घालणारा हा माणूस, त्या दिवशी एक प्रश्न विचारायला थांबला नाही.

अकरा महिन्यांनी संगीताचं लग्न ठरलं. मधल्या काळात बसवलेला काढघालीचा दात फुंकताना हलायचा, सूर फाटायचा. देवीलाल पुन्हा दवाखान्यात गेला. डॉक्टर ममतांनी जबड्याचा फोटो काढून पाहिला.

"हाडाची कड पार पातळ झाली, काका. आता हनुवटीचं हाड काढून जोडावं लागेल, तेही नागपूरला. दात बसेपर्यंत वर्ष जाईल."

"अन् तवाच भरलं असतं त?"

"आज वाजवत असता."

"आमच्यात बैलाचं चालत नाही, बाई."

"जनावराचं नसलेलंही मिळतं, काका. तेच सांगत होते. तुम्ही थांबलाच नाहीत."

देवीलालला काहीच वाटलं नाही. राग आला नाही, रडूही नाही. आज सुई टोचली नव्हती, तरी ओठ तसाच जड होता. एसटीत बसून तो घरी आला, जेवला.

लग्न लागलं. पाठवणीला तांड्याच्या रिवाजाप्रमाणे संगीता बैलाच्या पाठीवर उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून माहेरच्या निरोपाचं गाणं रडत गायला लागली. तिची ओळ संपली की बापाने क्लॅरिनेटवर ती उचलायची, असं दोघांचं लहानपणापासूनचं ठरलेलं.

ओळ संपली. संगीता थांबली, तिने बापाकडे पाहिलं. देवीलाल बैलाचा कासरा धरून उभा होता.

मग पुढची ओळ तिने एकटीनेच म्हटली.