खाणीच्या पाण्यावरचा कॅमेरा

‘गावकऱ्यांचा जमाव ठाण्यासमोर बसताच साहेबांचे धैर्य खचले आणि कॅमेऱ्यात स्पष्ट दिसलेला वायरचोर त्यांनी सोडून दिला.’

निवृत्त अधिकाऱ्यांच्या एका स्मरणिकेत माझ्या जुन्या सहकाऱ्याने हे वाक्य छापले आहे. त्यांनी नाव घातलेले नाही. मीही कोणाचे घालणार नाही. पण ते साहेब म्हणजे मी. त्या प्रकरणाचा एकेक तास मला आजही आठवतो, आणि स्मरणशक्तीच्या बाबतीत मी त्या गृहस्थांना सेवेत असतानाही मान तुकवलेली नाही.

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, अरवलीच्या टेकड्यांलगतच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. वडील छावणीत सुभेदार होते, त्यामुळे मराठी घरात आणि हिंदी दारात अशीच माझी वाढ झाली. ते दिवस नव्या वसाहतींचे होते. टेकडीपलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, अलीकडे फार्महाऊसच्या भिंती चढत होत्या. मधल्या उजाड खडकांत बंद पडलेल्या दगडखाणी होत्या. त्यांतल्या एकीत बारमाही पाणी साठे. प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने त्या पाण्यावर कॅमेरा रोखून बसवला आणि त्याची वायर अर्ध्या किलोमीटरवरच्या वनखात्याच्या चौकीपर्यंत आणली. चौकीत एक टीव्ही होता. पाण्यावर जे घडे, ते त्याच क्षणी त्यावर दिसे. चित्र साठवण्याची सोय मात्र नव्हती.

ही वायर दोनदा तुटली. बाईंनी ती जोडून घेतली. तिसऱ्या वेळी चित्र गेले तेव्हा मात्र त्यांनी तक्रार दिली. आमचा हवालदार पुढे गेला, मागून पंच आले, मधला तुकडाच गायब असल्याचा पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या एका कबाड्याने, म्हणजे भंगारवाल्याने, खबर दिली की, खाणीकडे म्हशी चारणारा म्हातारा गुर्जर तांब्याचा भाव विचारून गेला आहे. चौकीच्या रखवालदारानेही सांगितले की, चित्र गेले त्या दिवशी तोच म्हातारा पडद्यावर पाण्याकाठी दिसला होता. स्मरणिकेत लिहिणाऱ्या माझ्या या सहकाऱ्यांना एवढे पुरे झाले. त्यांनी म्हाताऱ्याला सकाळीच बाकावर आणून बसवले आणि अटकेचा कागद भरून माझ्यासमोर ठेवला. फक्त माझी सही व्हायची होती.

म्हातारा साठीचा होता. घरी सात म्हशी होत्या आणि दुसरे काही नव्हते. चोरीचा गुन्हा लागला तर वनखाते टेकडीवर पाऊल ठेवू देणार नाही, मग म्हशी विकाव्या लागतील, हे त्याला पुरते ठाऊक होते. तांब्याचा भाव विहिरीवरच्या पंपाच्या जळक्या मोटरसाठी विचारला, असे त्याने सांगितले. मी माणूस पाठवून खात्री केली. मोटर घरात होती.

रखवालदाराला मी वेळा विचारल्या. म्हातारा दिसला चारच्या सुमारास. चित्र गेले दिवस मावळताना. मधल्या अडीच तासांविषयी सहकाऱ्यांनी कोणालाच विचारले नव्हते. मी विषय काढताच ते म्हणाले, “सर, चोर काय घड्याळ बघून येतो का?” मी म्हटले, “चोर बघत नसेल. आपण बघायला हवे.”

वायर जोडून झाली होती. संध्याकाळी मी म्हाताऱ्याला चौकीत नेऊन टीव्हीसमोर उभे केले. माझी पद्धत जुनी होती. ज्याने हात मारला आहे, त्याची नजर आधी वस्तूकडे जाते; मी त्याची नजर पाहत होतो. त्याने वायरकडे पाहिले नाही. तो पडद्याकडे गेला आणि पोलीस शेजारी आहेत हे विसरला. त्याच्या म्हशी पुतण्या हाकत होता आणि एक मागे रेंगाळली होती.

“अरी भूरी, चल ना, घर ना जाणा?” तो तिच्यावर ओरडला. रखवालदार हसू लागला.

म्हशी गेल्या. पाणी स्थिर झाले. मोर आले, परत फिरले. मग खडकाचा एक भाग हलला आणि तो बिबट्या होता. त्याने पुढचे पाय वाकवले, खांदे वर आले आणि तो पाणी पिऊ लागला. चित्र कृष्णधवल, दाणेदार. आवाज तर नव्हताच. तो पीत होता त्याच क्षणी आम्ही त्याला पाहत होतो, आणि त्याला आमचा पत्ता नव्हता. त्या हद्दीचा नकाशा दोन वर्षे माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. प्रत्येक भाडेकरू, प्रत्येक गुंड मला ठाऊक होता. हा रहिवासी माझ्या नोंदीत नव्हता. माझे हात आपोआप मागे बांधले गेले होते, वरिष्ठांसमोर जातात तसे.

म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, “आज जरा जल्दी आ गया.” मग त्याने सांगितले की, त्यांच्या गावचा रिवाजच आहे: दिवसाचे पाणी माणसांचे आणि ढोरांचे, मावळतीचे त्यांचे. सूर्य टेकडीला टेकला की कोणी खाणीत उतरत नाही.

“मग वायर कोणी तोडली?”

“सेह ने,” तो म्हणाला. सेह म्हणजे साळिंदर. मजुरांच्या घामाचे मीठ वायरला लागलेले असते, त्यासाठी ते कुरतडते, असे त्याचे मत.

मी म्हटले, “आणि तुकडा? तोही त्यानेच नेला?”

“तुकडे तो थारा हवलदार थैले में भर के ले गया, साब. मैं टीले से देखूँ था.”

ठाण्यावर येऊन मी मालखाना, म्हणजे मुद्देमालाची खोली, उघडायला लावली. कोपऱ्यात मोहोरबंद पिशवी होती. पुरावा कोणी उचलून नेऊ नये म्हणून हवालदाराने पंच येण्याआधीच तो गोळा केला होता, पण ते पंचांना सांगायचे राहिले, आणि त्यांनी मोकळी जागा पाहून ‘वायर चोरीस गेली’ असे लिहिले होते. हा दोष माझ्या ठाण्याचा, म्हणजे माझा. पंचांना बोलावून मोहोर त्यांच्यासमोर तोडली. तुकड्यांच्या टोकांवर पक्कडीची नव्हे, दातांची खूण होती. प्राध्यापिकेने ते साळिंदराचेच दात असल्याचे लिहून दिले.

गावकरी आले होते, हे खरे. वीसेक पगड्या कडुनिंबाखाली हुक्का ओढत बसल्या होत्या. मी त्यांच्यातल्या एकाशीही बोललो नाही. म्हाताऱ्याला सोडताना मात्र मी दारापर्यंत गेलो, आणि पंचांच्या आधी घटनास्थळाला हात लावायचा नाही हे त्यानंतर प्रत्येक हजेरीला बजावत राहिलो. त्या चौकीतही पुष्कळदा जाऊन बसलो. कामाचे निमित्त सांगत असे. काम काही नसे.

सहकाऱ्यांनी जमाव लिहिला, माझे धैर्य लिहिले. एक गोष्ट लिहिली नाही, जी त्यांनी स्वतः मोजायची टेप धरून माझ्यासोबत पाहिली. पंचनाम्यात चोरीस गेलेली वायर चार मीटर होती. व्हरांड्यात ओळीने मांडलेले पिशवीतले तुकडे चार मीटर भरले.