रिकाम्या खुर्चीचा नियम

वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी खोक्यांची डिझाइन्स करतो. औषधांची, बिस्किटांची. पण माझा खरा नाद खेळ बनवायचा. सोंगट्या सरकवायचे खेळ नव्हेत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होऊन बोलतात, अडलं की फासे टाकतात, असले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने हा नाद लावला. रविवारी दुपारी तिच्या डोंबिवलीच्या घरी जमून आम्ही ड्रॅगन मारायचा तो जगभर चालणारा परदेशी खेळ खेळायचो.

तोच एवढा का चालतो, यावर आमचे वाद व्हायचे. मैत्रीण म्हणायची, "चांगला आहे म्हणून नाही रे. शेजारचाही तोच खेळतो म्हणून. हे खेळ एकट्याने थोडेच खेळता येतात?" मला ते पटायचं, कारण पोळलेलो होतो. कोकणातल्या किल्ल्यांवर मी एक खेळ रचलेला. जाडजूड नियम, हाताने काढलेले नकाशे, तोफांचे तक्ते. लोकांनी नकाशांचं कौतुक केलं आणि परत ड्रॅगन मारायला गेले.

त्या रागात मी दुसरा लिहिला, एका पानाचा, साध्या मराठीत. धरणाचं पाणी चढतंय, गाव सोडायचंय, ट्रक येणार आहेत. बरोबर काय न्यायचं आणि मागे काय सोडायचं, एवढंच खेळाडूंनी ठरवायचं. आईचं माहेर साताऱ्याकडे असंच पाण्याखाली गेलंय. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही, मीही विचारलेलं नव्हतं. लिहून झाल्यावर खेळ फार सपाट वाटला, म्हणून शेवटी एक नियम जोडला. टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवा. ती गावातल्या अशा माणसाची, जो अजून आलेला नाही. त्याला कुणीही काहीही विचारावं, आणि ज्याला उत्तर सुचेल त्याने ते द्यावं.

हा खेळ चालला. पान फोनवरून फिरलं, बदलापूरपर्यंत गेलं. ज्यांना मी ओळखत नव्हतो ते लोक मेसेज करायला लागले. मैत्रिणीकडे कारणं तयार होती. पाठ करायला काही नाही, भाषा आपली, आणि गाव सोडून आलेलं कुणीतरी प्रत्येकाच्या घरात असतंच.

कल्याणच्या एका कॉलेजमधल्या मुलांनी मला बघायला बोलावलं. रिकामी वर्गखोली, पंखा बंद, खिडकीतून दुपारचं ऊन. मी मागे बसलो. खेळ रंगला, आणि सूत्रधार मुलीने रिकाम्या खुर्चीला विचारलं, "तुम्ही आत का येत नाही?"

समोरचा एक मुलगा म्हणाला, "ती दारातच उभी आहे. पाय ओले आहेत तिचे."

"पदराखाली काहीतरी धरलंय," दुसरी म्हणाली. "लोखंडाचं आहे. हलली की वाजतं."

खेळ संपल्यावर मी त्या सूत्रधार मुलीला विचारलं, ही बाई कुणी घातली?

"घालायची कशाला, दादा? ती असतेच ना. आम्हाला वाटलं तुम्हीच लिहिलीय."

मी लिहिली नव्हती. घरी येऊन ते पान पुन्हा वाचलं. त्यात बाई नव्हती, दार नव्हतं, लोखंड नव्हतं. बदलापूरला हा खेळ खेळणाऱ्या गटाला फोन लावला. तो गट कल्याणच्या मुलांना ओळखतही नव्हता. तिथला माणूस सहज म्हणाला, "हो, पदराखाली लपवते ती. दाखवत नाही."

मैत्रीण म्हणाली, "तू लहानपणी आईकडून ऐकलं असशील. नकळत शब्दांत उतरलं असेल."

"ऐकलंच नाहीये गं कधी."

"मग विचार."

विचारायचं कसं ते कळेना, म्हणून आईला सरळ खेळायलाच बसवलं. आमच्या ठाण्याच्या घरी, जेवणं उरकल्यावर, मी, मैत्रीण आणि आई. त्या बाईबद्दल आईला काहीही सांगितलं नव्हतं. आई आधी लाजली, मग सगळं ऐकून घेतलं. तिच्या पाळीला ती जातं न्यायचं की पाटा, यावर बराच वेळ बोलली, हसलीसुद्धा. नंतर खुर्चीकडे वळली आणि शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "कुलूप लावून झालं का गं?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं.

आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमची शेजारीण होती. ट्रकमध्ये चढलेली, आणि मध्येच म्हणाली, घराला कुलूप लावायचं राहिलं. सगळे हसले. घर पाण्यात जाणार, कुलूप कसलं लावतेस? तरी उतरली. पदराखाली कुलूप घेऊन ओढ्यातून गेली."

"मग?"

"मग ट्रक निघाला. तिच्या घरची माणसं म्हणाली, मागच्या ट्रकने येईल. नंतर म्हणाली, माहेरी गेली असेल." आईने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पाणी हळू चढतं रे. त्यात कुणी बुडत नाही. पण आम्हाला ती परत दिसली नाही."

त्यानंतर मी खुर्चीचा नियम काढून टाकला. नवं पान केलं आणि सगळ्यांना पाठवलं, यापुढे हेच वापरा. कुणी वापरलं नाही. बदलापूरवाल्यांनी एकदा खेळून सोडून दिलं. कल्याणच्या मुलीने लिहिलं, "दादा, बाकी सगळं ठीक आहे, पण आम्ही खुर्ची ठेवतोच. त्यासाठीच तर येतात सगळे." मैत्रिणीची भाषा-बिषा ही कारणं खोटी नव्हती. पण माझा खेळ त्यांच्यामुळे चालत नव्हता, एवढं मला कळलं.

मी खेळणं बंद केलं. आईने मात्र सुरू केलं. बिल्डिंगमधल्या बायका दुपारी आमच्याकडे जमतात. जात्यावरून भांडतात, हसतात, मग एकदम त्यांचे आवाज खाली येतात. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडतो.

मागच्या आठवड्यात शीळफाट्याकडच्या एका गटाचा मेसेज आला. या लोकांशी माझं आधी कधी बोलणं झालेलं नव्हतं. "सर, आमच्याकडे ती आता आत येऊन बसायला लागलीय. असं चालतं का नियमात?"

मी तो आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"बसू दे की," ती म्हणाली. "त्यांना सांग, आधी पाणी विचारा."

मी तसंच टाइप केलं आणि पाठवून दिलं.