इंजिन थंड होऊ द्या

शिवप्पा मिस्त्री गेल्याचा निरोप त्यांच्या पुतण्याने अक्कलकोटहून आणला, त्याला आता महिना होईल. सोलापुरातल्या आमच्या जिनिंग कारखान्याची इंजिनं त्यांनी वीस वर्षं सांभाळली. लोक त्यांना तापट म्हणत. तापट मी होतो. ते फक्त कुणाचं ऐकत नसत.

मुंबईत विमान चालवायला शिकून मी परतलो तो हवेतच. विलायतेला निघालेला एक साहेब आपलं दोन बैठकींचं जुनं विमान विकत होता. मिस्त्रींना घेऊन गेलो. रंग असा चकचकीत, की मी तिथंच भाळलो. साहेबानं पंख्याला झटका दिला, इंजिन लगेच धडधडलं. मिस्त्रींनी ते बंद करायला लावलं आणि म्हणाले, "आमी यायच्या आदीच तापवून ठिवलंय. थंड हू द्या." तीन तास आम्ही लिंबाखाली बसलो. साहेब घड्याळ बघतोय, मी शरमेनं लाल... मग थंड इंजिन चालू करताना साहेबाला घाम फुटला; ते नुसतंच खोकलं. मिस्त्रींनी तेल काढलं, त्या दिवसासाठी बांधलेल्या नव्या पटक्याचा शेमला टरकन फाडला आणि त्यातून गाळलं. कापडावर पितळेचा चुरा चमकला.

"आतनं झिजतंय. वर जाईल, पर खाली कसं येईल, सांगता येत न्हाय."

वरून कीर्तन, आतून तमाशा! पण मला ते दिसत असूनही पाहायचं नव्हतं. एरवी त्यांना मामा म्हणून अहोजाहो करणारा मी, साहेबादेखत ओरडलो, "उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"नोकरी गेली तर जाऊ द्या की, मालक. तुमी जित्तं ऱ्हावा."

मी रिकाम्या हातानं परतलो. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी कारखान्यात हजर होते. माझ्या त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, आणि त्यांच्या उत्तराचा अभिमान.

वर्षभरानं दुसरं विमान मिळालं. ते त्यांनी दोन दिवस तपासून पास केलं. आमच्याकडे रीत होती, दुरुस्त केलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना मिस्त्रीनं स्वतः त्याला खेटून उभं राहायचं. त्यामुळे न विचारताच ते पुढच्या बैठकीत चढून बसले. सात रस्ता चौकावरून दोन घिरट्या घालून उतरल्यावर मी विचारलं, "मामा, गाव कसं दिसलं?"

"गाव कुटं बगितलं? इंजिन ऐकत हुतो की."

परवा नवा मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "साहेब, सगळं ठीक आहे. बिनधास्त जा." मी पुढच्या बैठकीकडे बोट दाखवलं. "मग बसा."

तो घुटमळला. "एकदा परत बघतो," म्हणाला आणि त्यानं हत्यारांची पेटी पुन्हा उघडली.