काकाजींनी खरवडलेला रंग

फटफटी समोर आली की काकाजी आधी तिचा रंग खरवडत. बॅटरी नाही, प्लग नाही, बल्ब नाही, पहिले रंग! आरीच्या तुटक्या पात्याने इंजिनाच्या एका बोल्टाभोवतीची रुपयाएवढी जागा खर्र खर्र घासायचे, आतलं लोखंड चकचकीत दिसू लागलं की तिथे अर्थिंगची तार कसायचे आणि मान वर करून म्हणायचे, "करंट जाते कुठं ते सगळेच पायतात भाऊ. वापस कुठून येते, ते कोनी पायत नाही."

त्या आवाजाने गाडीमालकाच्या जिवाचं काय होत असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांची बैठक होती. बसायला फळी, अवजारांची एक पत्र्याची पेटी, आणि करंट तपासायला दोन तारा जोडलेला एक बल्ब. मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेत वायरमन होते. रिटायर झाल्यावर घरी करमेना म्हणून जुन्या गाड्यांची वायरिंग करू लागले. रायपुरात जुन्या फटफट्यांचं वेड असलेले आम्ही दहा-बारा जण, मराठी काय अन् हिंदी काय, सगळे त्यांना काकाजीच म्हणायचो.

मी बाबांची फटफटी त्यांच्याकडे नेली तेव्हा तिचं इंजिन नुकतंच काळं कुळकुळीत रंगवून आणलं होतं. तोंड दिसेल असं! काकाजींनी पातं काढलं आणि मी ओरडलोच, "अहो, काहून खराब करून राहिले? परवाच रंग मारला!"

"नवरीच्या तोंडावरचा पदर काढू देत नाही, अन् म्हनता पोट्टी कशी आहे सांगा," ते म्हणाले आणि घासत राहिले. मग समजावून सांगितलं. बॅटरीतून निघालेला करंट इंजिनाच्या लोखंडातून परत बॅटरीत यावा लागतो. मध्ये रंग आला की वाट बंद. मी "हव, हव" केलं. डोक्यात काही शिरलं नाही, माझं लक्ष त्या ओरखड्यांकडे होतं.

आता एक गोष्ट नीट ऐकून घ्या, कारण माझं पाप तिच्यातच आहे. काकाजींची नजर शुगरने अधू होत चालली होती. ते डोळ्यांपेक्षा बोटांनी काम करत. तार चिमटीत धरून फिरवली की तुटकी कुठे आहे ते सांगत. त्यांची मुलगी बीरगांवला राहायची. "पुरे करा बाबा, आईले घेऊन इकडं या," म्हणून ती मागे लागली होती. काकाजींनी तिला सांगून टाकलं होतं, "माझ्या हातची गाडी ज्या दिवशी वापस आली, त्या दिवशी पेटी बंद. तुले सांगाची गरज नाही पडनार." हे ते आम्हाला हसत हसत सांगायचे. मी माझ्या कानांनी दहादा ऐकलं होतं.

फटफटी एका किकमध्ये सुरू झाली आणि दोन महिने मस्त चालली. मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा असते. मी सकाळपासून गाडी धुतली, पुसली, तेल लावलं, आणि त्या काळ्याभोर इंजिनावर ती खरवडलेली जागा डोळ्यांत खुपू लागली. टक्कल पडल्यासारखी! उरलेल्या रंगाचा डबा घरात होताच. बोल्ट काढला, बारीक ब्रशने जागा झकास रंगवली, वाळू दिली, वरून तार पुन्हा कसून टाकली. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. वायरिंगला आपण हात लावला, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. रंगच तर लावला होता!

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे आपापल्या गाड्या घेऊन निघालो. सदर बाजारात, सराफांच्या ऐन गर्दीत, माझी फटफटी खोकली, दोनदा फटफट करून बसली. किक मारून मारून घोटा सुजला. मागून हॉर्न, बाजूने हसू. "अंकल, धक्का दूँ क्या?" असं एकाने विचारलं आणि माझं टाळकं सरकलं. गाडी ढकलत थेट तात्यापाऱ्यात. मागून सगळी मंडळी आली.

"काकाजी, दिसत नाही तर गाडीले हात काहून लावता? भर बाजारात इज्जत काढली माझी!"

असं बोललो. बापाच्या वयाच्या माणसाला, चार लोकांत.

ते उठले. तारांवरून बोटं फिरवत त्या बोल्टापाशी आले. तार ओढून पाहिली. "कसलेली तर आहे," ते पुटपुटले. तारेखालचा रंग त्यांना दिसला नाही. बोटाला कळला नाही. तुम्ही काही केलं का, असं त्यांनी मला विचारलंही नाही. म्हणाले, "माझंच काही राहिलं असन भाऊ." आणि खाली बसून एकेक अवजार पेटीत ठेवू लागले. ते काय करताहेत ते मला कळत होतं. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला बरंच वाटलं.

काकाजी बीरगांवला गेले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या मेकॅनिकने तो बोल्ट काढला आणि कपाळाला हात लावला. "भैया, ये पेंट किसने मारा? करंट वापस कहाँ से आएगा?"

माझे कान तापले. "पता नहीं," मी म्हणालो.

थोडे दिवस गाडी चालली ती बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम मिळणाऱ्या वाटेवर, असं सांगत त्याने रंग घासला. एका किकमध्ये सुरू.

त्याच दिवशी बीरगांवला जायला हवं होतं. रायपुराहून ते काय लांब आहे? पण दिवाळी आली, मग ऑफिसात ऑडिट, मग मुलीची परीक्षा, मग ऊन. मित्रांत कोणी म्हणालं, "काकाजी का हाथ गया अब," की मी चहाच्या कपात पाहायचो. चूक दसऱ्याला एकदाच झाली होती. त्यानंतर आठ महिने मी जे केलं ते मुद्दाम केलं.

शेवटी एका रविवारी पेढे घेऊन गेलो. दार काकाजींच्या मुलीने उघडलं. तिच्या मागे भिंतीवर काकाजींचा फोटो होता, त्याला हार.

"दीड महिना झाला," ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून पाहत, "तुमी ते बंद पडलेल्या फटफटीवाले ना?"

मी मान हलवली. पेढ्यांचा डबा कुठे ठेवावा ते कळेना.

"बाबा शेवटपर्यंत तेच बोलत राहिले. काय राहिलं असन, काय राहिलं असन. खाटेवर पडल्या पडल्या बोटं फिरवत राहायचे, तार कसल्यासारखी. मले विचारायचे. मले काय समजते त्यातलं? तुमाले तरी समजलं का, काय चुकलं होतं त्यांचं?"

'नाही' हा शब्द ओठांवर आला होता. सवयच झाली होती त्याची.

"काही नाही चुकलं ताई. त्यांनी घासलेल्या जागेवर मीच रंग लावला होता. अन् आळ त्यांच्यावर घेतला."

ती आत गेली, आईला हाताला धरून घेऊन आली आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं.

"आईले कमी ऐकू येते," ती म्हणाली. "पुन्हा सांगा. तात्यापाऱ्यात बाबाले जेवढ्या जोरानं बोलले होते ना, तेवढ्या जोरानं."

मी सांगितलं. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी सांगितलं.

म्हाताऱ्या काकूंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फोटोकडे मान वळवून म्हणाल्या, "ऐकलं का हो? तुमचं काही राहिलं नव्हतं."